रुग्णसाहित्य केंद्र, पूर्व भाग, सोलापूर : कामाच्या नोंदी (फेब्रुवारी ते ऑगस्ट २०२५)

९ फेब्रुवारी

रुग्णांना घरी वापरायला सामान उसने देणाऱ्या आपल्या क्लबच्या केंद्रासाठी खोली ताब्यात आली. साखर पेठ, तळमजला, १२ बाय १५ फूट, दार ४२ इंची. भाडे नाही, वीजबिल क्लबचे. तळमजलाच हवा होता, कारण फाउलर बेड (हँडल फिरवून डोके आणि गुडघे वर करता येणारा लोखंडी पलंग) जिन्यावरून उतरवायला तीन माणसे लागतात आणि तरीही भिंतीचे पोपडे निघतात.

सभासदांच्या घरी विखुरलेले सामान एकत्र करून मोजले. व्हीलचेअर ७, वॉकर ११, कुबड्यांचे जोड ९, कमोड खुर्च्या ६, फाउलर बेड ३, हवेच्या गाद्या ४ (झोपून होणाऱ्या जखमा टाळणाऱ्या; पंप मात्र ३), ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर ५, नेब्युलायझर ४. यादी भरघोस दिसते. त्यातले चालते किती, हे तपासल्यावर कळेल.

प्रत्येक वस्तूवर नंबर टाकला. स्टिकर नको, पहिल्याच धुण्यात निघतो. लोखंडावर ऑइल पेंट, गादीवर पक्क्या शाईचा मार्कर. चार्जर, पंप आणि फुटरेस्ट यांवरही मूळ वस्तूचाच नंबर. नाहीतर परत येताना तिसऱ्याच खुर्चीचा फुटरेस्ट येतो आणि तो बसत नाही.

१६ फेब्रुवारी

व्हीलचेअर उघडल्या. सातपैकी पाचांची पुढची छोटी चाके जाम होती. चारांत एकच कारण निघाले, सूत. या भागात घरोघरी माग आहेत, फरशीवर पडलेला धागा आसाभोवती गुंडाळत जातो आणि आत घट्ट दोर बनतो. तेल सोडून उपयोग नाही, तेलकट धागा वर धूळ धरतो. चाकाचा बोल्ट काढायचा, ब्लेडने धागा कापायचा, चिमट्याने ओढायचा, बेअरिंग रॉकेलने धुऊन वाळवायचे आणि मग थोडे ग्रीस. एका चाकाला वीस मिनिटे. पाचव्या खुर्चीचे बेअरिंगच फुटले होते, ते बदलले.

तीन खुर्च्यांचे ब्रेक धरत नव्हते. ब्रेक ठीक होते, टायरमध्ये हवा नव्हती. व्हीलचेअरचा ब्रेक म्हणजे टायरवर दाबणारी लोखंडी पट्टी. टायर बसला की पट्टी टेकतच नाही आणि माणूस पलंगावरून खुर्चीवर सरकताना खुर्ची मागे पळते. केंद्राच्या खुर्चीत हवा भरणारा कायमचा कुणी नसतो, शिवाय बाभळीचे काटे आहेतच. यापुढे नवी खुर्ची भरीव टायरचीच घ्यायची. खडबडीत रस्त्यावर ती जास्त हादरते, पण आपल्याकडून जाणाऱ्या खुर्च्या बहुतेक घरातच फिरतात.

२३ फेब्रुवारी

कॉन्सन्ट्रेटर. पाचही यंत्रे २०२१ च्या कोविड लाटेत आलेली, मिनिटाला ५ लिटरची. शेवटचे कधी लावले याची नोंद कुठेच नाही.

यंत्र काय करते ते माहीत असेल तर बिघाड समजतो. कॉम्प्रेसर खोलीतली हवा ओढतो आणि झिओलाइटचे दाणे भरलेल्या दोन नळकांड्यांतून आळीपाळीने दाबतो. दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि पुढे साधारण ९३ टक्के ऑक्सिजन जातो (३ टक्के कमी-जास्त चालते). हेच दाणे हवेतली ओल त्याहून जास्त आवडीने धरतात. चालत्या यंत्रात ती ओल बाहेर फेकली जाते, बंद पडून राहिलेल्या यंत्रात आत मुरते. म्हणजे “नवेच आहे, कधी वापरलेच नाही” असे सांगून कुणी यंत्र दिले, तर तेच आधी तपासायला हवे.

तपासणीची पद्धत: फिल्टर धुऊन वाळवून लावायचा, यंत्र ३० मिनिटे चालवायचे, फ्लो ५ लिटरवर ठेवायचा आणि बाहेर येणाऱ्या हवेवर ऑक्सिजन ॲनालायझर लावायचा. कमी फ्लोवर दुबळे यंत्रही चांगला आकडा दाखवते, त्यामुळे १ लिटरवर तपासून “चालू” असा शेरा मारायचा नाही. ॲनालायझर आधी मोकळ्या हवेत धरून २०.९ दाखवतो का ते पाहायचे.

निकाल, ५ लिटरवरची ऑक्सिजनची टक्केवारी. ऑ-१: ९४. ऑ-४: ९३. ऑ-२: ८८, पण ३ लिटरवर ९३. ऑ-३: ७१, अलार्म चालू. ऑ-५: कॉम्प्रेसर फिरतो पण दाब चढत नाही.

१ मार्च

ऑ-५ उघडले. आतली एक नळी उंदराने कुरतडलेली होती. नळी बदलल्यावर ९२ आले. खर्च चहापेक्षा थोडा जास्त. ऑ-३ ची दोन्ही नळकांडी गेली आहेत, बदलायचा खर्च सेकंडहँड यंत्राच्या जवळ जातो. दुरुस्ती नाही, सुट्या भागांसाठी ठेवायचे. ते देणगीत आले होते आणि देणाऱ्याचे नाव पुढच्या पत्र्यावर कोरलेले आहे, यावर बैठकीत बराच वेळ गेला. नावाचा पत्रा काढून भिंतीवर लावू, पण ७१ टक्क्यांचे यंत्र रुग्णाकडे जाणार नाही.

ऑ-२ वर लाल रंगात लिहिले: “३ लिटरपर्यंतच”.

यापुढे कपाटातले प्रत्येक यंत्र महिन्यातून एकदा तासभर चालवायचे. तारीख आणि टक्केवारी यंत्राच्या पाठीवरच्या कार्डावर.

८ मार्च

फॉर्म ठरला, एकच पान. पुराव्याची झेरॉक्स घेऊन ठेवायची नाही, मूळ पाहून नोंद करायची. ऑक्सिजन यंत्रासाठी डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची आणि चिठ्ठीत दोन आकडे हवेत: किती लिटर आणि दिवसाला किती तास. “ऑक्सिजन द्यावा” एवढेच लिहिलेली चिठ्ठी परत पाठवायची. जुन्या दम्याच्या, विशेषतः सीओपीडीच्या (श्वासाच्या वाटा कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराच्या) रुग्णाला घरचे लोक मायेने फ्लो वाढवतात आणि त्याने काही रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो. अशा रुग्णांचे ऑक्सिमीटरवरचे लक्ष्य बहुधा ८८ ते ९२ असते. ९९ दिसले म्हणजे छान, हा समज आपल्याच स्वयंसेवकांतही आहे.

फोनवर विचारायचे प्रश्न ठरले आणि त्यांचा क्रमही. रुग्णाचे वजन. घर कितव्या मजल्यावर. आणि “मावशी, संडासाच्या दाराची रुंदी टेपने मोजून सांगता का?” साधी व्हीलचेअर बाहेरून बाहेर २५-२६ इंच भरते. घरकुलांत आणि जुन्या चाळींत मोरी-संडासाचे दार २४ इंची, काही ठिकाणी त्याहून अरुंद. खुर्ची तिथे अडते आणि आठवड्याने परत येते. अशा घरी कमोड खुर्ची पलंगाशेजारी द्यायची, व्हीलचेअर फक्त दवाखान्याच्या दिवशी.

सूचनापत्रक मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत. पूर्व भागात मराठीचे पत्रक पुरुष वाचून खिशात घालतात. रुग्णाची उठबस करणाऱ्या अक्कांना तेलुगूत सांगावे लागते. तेलुगू मजकूर एका विडी कामगार बाईंकडून वाचून घेतला. तीन शब्द पुस्तकी होते, ते बदलले.

१६ मार्च

डिपॉझिट: वॉकर व कुबड्या ३००, कमोड खुर्ची ५००, व्हीलचेअर व गादी १,०००, बेड २,०००, ऑक्सिजन यंत्र ३,०००. पिवळे रेशनकार्ड असेल तर निम्मे. पूर्ण माफ करून पाहिले आहे, तसे दिलेले सामान शेजाऱ्याकडून त्याच्या पाहुण्याकडे, तिथून अक्कलकोटला जाते. ते वाईट हेतूने होत नाही, पण यंत्र हरवते.

मुदत तीन महिने, पुढे फोनवर वाढवून मिळेल.

खजिनदारांचा आग्रह मान्य: डिपॉझिटची रक्कम वेगळ्या खात्यात. ती देणगी नाही, देणे आहे. ताळेबंदात उत्पन्नाच्या बाजूला गेली तर वर्षअखेर शिल्लक फुगलेली दिसते आणि कुणीतरी त्यातून नवा बेड घ्यायचे सुचवतो.

दुरुस्ती निधी: सामानाच्या खरेदी किमतीच्या १५ टक्के दरवर्षी. यावर मतभेद झाले. नव्या वस्तूला दाता मिळतो, फोटो निघतो. रबरी बुटाला आणि फिल्टरला दाता मिळत नाही. म्हणून यापुढे वस्तू देऊ करणाऱ्याला किमतीच्या १५ टक्के रोख सोबत मागायचे. नाही म्हणाला तर त्याच रकमेत एक वस्तू कमी घ्यायची.

३० मार्च, गुढीपाडवा

वाटप सुरू. पहिल्या दिवशी वॉकर ३, बेड १, गादी १. उद्घाटन, नारळ, भाषण टाळले.

६ एप्रिल

बेड पोचवणे, विडी घरकुल (विडी कामगारांची वसाहत). छोटा हत्ती, दोन माणसे, शिवाय गल्लीतली दोन मुले. बेड सुटा करूनच न्यायचा: डोक्याकडची व पायाकडची जाळी, मधला साचा, दोन हँडल. नटबोल्ट कापडी पिशवीत घालून ती साच्यालाच बांधायची.

घरच्यांना दाखवायचे ते मुख्यतः एकच: आधी गुडघ्याकडचे हँडल थोडे फिरवायचे, मग डोक्याकडचे. उलट केले तर रुग्ण हळूहळू खाली घसरतो, माकडहाडाची कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतले मांस सरकते. जखम तिथून सुरू होते आणि वरून दोन-तीन दिवस काही दिसत नाही. नाकातून नळी असेल तर भरवताना डोके ३० ते ४५ अंश वर, भरवल्यावरही अर्धा-पाऊण तास तसेच.

हँडल आत दुमडून ठेवायचे, नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नडगीला लागते.

२० एप्रिल

उन्हाचा ताण. पारा ४३ च्या आसपास आणि एका दिवसात ऑक्सिजन यंत्राचे तीन फोन. तिन्ही घरे पत्र्याची. बहुतेक यंत्रे ४० अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेली असतात. दुपारी पत्र्याखाली त्याहून जास्त होते, यंत्र तापून शिट्टी मारते आणि घरचे लोक घाबरून बंद करतात.

जाऊन केले ते असे. यंत्र भिंतीपासून फूटभर पुढे ओढले (दोन घरांत ते कोपऱ्यात, वर टॉवेल टाकलेले). पलंगाजवळून काढून सर्वांत थंड जागी, म्हणजे एका घरी देवघराजवळ आणि दुसऱ्या घरी जिन्याखाली ठेवले आणि ७ मीटरची नळी जोडली. देवघराजवळचे लगेच हलवले: समई, उदबत्ती. ऑक्सिजनच्या नळीपासून ज्योत निदान दहा फूट दूर आणि रुग्णासमोर विडी-काडी अजिबात नाही. कूलरच्या तोंडाशी यंत्र ठेवायचे नाही, गार वाटते पण ओल आत जाते.

फिल्टर पाहिले. पत्रकात आठवड्याने धुवा असे लिहिले आहे, ते मागाच्या घराला लागू नाही. चार दिवसांत सुताच्या पिंजणीची गादी जमली होती, आणि यंत्र तापायला निम्मे कारण तेच. पत्रक बदलले: माग असेल किंवा घरात विड्या वळत असतील तर दर दोन दिवसांनी. दोन फिल्टर द्यायचे, एक वाळत असताना दुसरा लावायला. ओला फिल्टर लावायचा नाही.

यंत्राला जोडलेल्या पाण्याच्या बाटलीत पांढरे किटण आढळले. बोअरचे पाणी. डिस्टिल्ड पाणीच, निदान उकळून गार केलेले. आणि बाटलीचे झाकण आट्यावर बसलेले हवे. “यंत्र चालू आहे पण हवा येत नाही” या तक्रारीत पहिल्यांदा झाकणच पाहायचे. कसोटी सोपी: नळीचे टोक वाटीभर पाण्यात बुडवा, बुडबुडे आले पाहिजेत.

२७ एप्रिल

विजेचा हिशोब सूचनापत्रकात घातला. यंत्र साधारण ३५० वॉट. चोवीस तास चालले तर दिवसाला ८.४ युनिट, महिन्याला अडीचशे. घरचा वापर धरून महावितरणचे बिल ३०० युनिटच्या पुढच्या दरात सहज जाते. हे आधी सांगितले नाही तर पहिले बिल आल्यावर यंत्र फक्त रात्री चालते, आणि विचारले तर “चालूच असतं की” असे उत्तर मिळते. ठरले: चोवीस तास ऑक्सिजन लिहून दिलेल्या गरजू घराला बिलात ठरावीक मदत, बिल दाखवल्यावर, तीन महिने.

वीज गेली तर: ऑक्सिजनचा बी टाइप सिलिंडर, भरलेला असताना दीड घनमीटर, म्हणजे १,५०० लिटर. २ लिटरने साडेबारा तास पुरतो. केंद्रात दोन. रेग्युलेटरला तेल, ग्रीस, व्हॅसलीन लावायचे नाही. फिरत नसेल तर हात पुसून फिरवा.

११ मे

हवेच्या गाद्या. पाचपैकी तीन घरांत (एक पंप नवा घेतला, एक गादी देणगीत आली) गादी चुकीची लावलेली. गादीवर घडी घातलेली सोलापुरी चादर, त्यावर रबर शीट, त्यावर आणखी एक पांघरूण. आपल्या गावाचे नाव तिच्याने झाले हे खरे, पण चादर जाड असते. फुगे आळीपाळीने फुगतात आणि बसतात म्हणून कातडीवरचा दाब बदलतो. वर जाड थर आला की तो बदल रुग्णापर्यंत पोचत नाही. वर एकच पातळ सुती चादर, सैल. रबर शीट नको, घाम धरते.

दुसरी चूक: गादी थेट लोखंडी जाळीवर. खाली साधी गादी हवीच.

दाबाची परीक्षा हाताने: रुग्ण झोपलेला असताना गादीखाली, कमरेच्या जागी, तळहात वर करून सारायचा. वर इंचभर हवा जाणवली पाहिजे. हाड हाताला लागले तर पंपाचे बटण वाढवायचे. अगदी टणक झाली असेल तर कमी. पंप पायाकडच्या जाळीला अडकवायचा. जमिनीवर ठेवला तर झाडू मारताना नळी निसटते.

गादी आहे म्हणून कूस बदलणे थांबत नाही, दर दोन तासांनी बदलायचीच. दोन घरांत “गादी आणली, आता वळवायची गरज नाही” असे सांगितले गेले होते. कोणी सांगितले ते विचारले नाही, पत्रकात पहिल्या ओळीत ठळक छापले.

२५ मे

८०जी चे काम, म्हणजे देणगीदारांच्या आयकर सवलतीचे. मागच्या आर्थिक वर्षाच्या देणग्यांचा फॉर्म १०बीडी ३१ मेपर्यंत भरायचा, त्यावरून देणगीदारांना १०बीई प्रमाणपत्र मिळते. अडकले ते पॅन नंबर. पावती फाडतानाच पॅन लिहून घेतला नाही तर मे महिन्यात साठ फोन करावे लागतात. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ८०जी ची सवलत नाही, तिथे चेक किंवा यूपीआय. आणि वस्तूच्या देणगीला ही सवलत मिळत नाही. बेड देऊन बेडच्या किमतीची पावती मागणाऱ्यांना नम्रपणे, पण नाहीच म्हणायचे.

विश्वस्त बदलल्याचा चेंज रिपोर्ट धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत जायला हवा. तारीख भिंतीवर लिहिली.

८ जून

पाऊस यंदा मेअखेरीसच आला. खोलीच्या उत्तरेच्या भिंतीला ओल. ऑक्सिजन यंत्रे फळीवर घेतली. वापरात नसलेल्यांचा तासभराचा फेरा आता पंधरा दिवसांनी. व्हीलचेअरच्या रेक्झिनला बुरशी, साबणाच्या पाण्याने पुसून पंख्याखाली वाळवले.

२२ जून

परत आलेले सामान धुण्याचा दिवस नळाला पाणी येण्याच्या दिवसाशी जुळवला. चार-पाच दिवसांआड पाणी, त्यामुळे रविवार वगैरे ठरवून चालत नाही.

क्रम: साबण-पाणी, खळखळून धुणे, मग क्लोरीन. ब्लीचिंग पावडर ३० टक्के क्लोरीनची धरली तर एक लिटर पाण्यात १७ ग्रॅम म्हणजे अर्धा टक्का, आणि तेवढे पुरे. रक्त वा जखमेचा स्राव लागला असेल तर दुप्पट. दहा मिनिटे ठेवायचे आणि साध्या पाण्याने पुसून काढायचे. तसेच सोडले तर क्रोमला आठवड्यात गंजाचे ठिपके. द्रावण रोज ताजे. पावडरचा डबा उघडा राहिला की आपल्या उन्हाळ्यात ती लवकर मरते, वास गेला की फेकायची. संडास धुण्याच्या ॲसिडजवळ ठेवायची नाही, दोन्ही मिसळले तर विषारी वायू होतो. गादी सावलीत वाळवायची, उन्हात प्लॅस्टिक कडक होऊन घडीवर चिरते.

नाकातली नळी, मास्क, नेब्युलायझरचा कप: एका रुग्णाचे एकदाच. धुऊन दुसऱ्याला नाही. यावर वाद नको.

२९ जून

आषाढी जवळ. शेगावची पालखी शहरातून जाते त्या दिवसांत कुबड्या आणि वॉकरची मागणी अचानक वाढते, मुरगळलेले पाय, फोड. वारकऱ्याला वस्तू दिली की ती पंढरपुरात पोचते आणि तिथेच राहते, हे गृहीत धरायचे. त्यासाठी जुन्या चार कुबड्या वेगळ्या काढल्या, डिपॉझिट नाही, नोंद “परत अपेक्षित नाही”.

२० जुलै

वॉकरचे रबरी बूट. ११ पैकी ७ वॉकरचे निदान एक बूट घासून आतली नळी बाहेर आलेली. शहाबादी फरशी ओली असताना ती नळी सरकते आणि वॉकर आधार देण्याऐवजी माणसाला पाडतो. बूट मागवताना नळीचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजायचा. आपल्याकडे दोन मापे निघाली, २२ आणि २५ मिमी. मोठा बूट कागद घालून बसवलेला सापडला, तो पहिल्या आठवड्यातच निघतो. प्रत्येकी ४० नग मागवले. वॉकर बाहेर जाताना चारही बूट पाहणे सक्तीचे.

उंचीसुद्धा इथेच लावून द्यायची. रुग्ण सरळ उभा, हात सैल, वॉकरची मूठ मनगटाच्या रेषेला. पकडल्यावर कोपर किंचित वाकलेले. रुग्ण आलेला नसेल तर मनगटापासून जमिनीपर्यंतचे माप आणायला सांगायचे. कुबडीत काखेखाली दोन-तीन बोटे जागा हवी, भार हातांवर. काखेत भार टाकला की पंज्याला मुंग्या येतात आणि लोक त्याला अशक्तपणा समजतात.

१० ऑगस्ट

मुदत उलटलेल्या १४ नोंदी. फोनचा नियम ठरवला: रुग्ण गेल्याचे कळले तर तेराव्यापर्यंत फोन नाही. नंतरही “सामान कधी आणता?” असे विचारायचे नाही, “आम्ही गाडी पाठवू का?” असे विचारायचे. नऊ वस्तू त्या आठवड्यात आल्या. तिघांनी डिपॉझिट केंद्रालाच ठेवा म्हटले. अशी रक्कम नवी पावती फाडून मगच देणगीत घ्यायची, आधी परत दिल्याची सही.

दोन नंबर लागत नाहीत. यापुढे फॉर्मवर दुसऱ्या माणसाचा नंबर आवश्यक, तो वेगळ्या घरातला.

२४ ऑगस्ट

गणपती तीन दिवसांवर. दोन मंडळांनी वर्गणीतून व्हीलचेअर देऊ केल्या. व्हीलचेअर आता पुरेशा आहेत. त्यांना यादी पाठवली: २२ मिमी बूट ६०, कॉन्सन्ट्रेटरचे फिल्टर २०, ७ मीटर नळ्या १०, गादीचे पंक्चर किट ५, स्टॅबिलायझर २. एका मंडळाचा होकार आला, बूट त्यांच्या नावाने खोक्यावर लिहून हवेत. लिहून देऊ.

ऑ-१ चा मासिक फेरा: ९३. ऑ-४: ९३. ऑ-५: ९१, पुढच्या महिन्यात पुन्हा पाहणे, ९० खाली गेले तर “३ लिटरपर्यंतच”. ऑ-२ बाहेर आहे, शेळगीत.